पंखा बंद करणाऱ्या सरांना

सर, सादर नमस्कार.

त्या दिवशी परतीच्या बसची वेळ झाली होती, नीट आभारसुद्धा मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. तुमच्याआधी माझ्या पतंगांची नावं विचारायला ज्यांच्याकडे गेले, त्यांच्याही नजरेस ते पडावं अशी माझी इच्छा आहे.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादईच्या जंगलाला लागून आमचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग. पडवीतल्या दिव्याखाली सकाळी मरून पडलेले पतंग मी कागदाच्या पुड्यांत जपून ठेवते. ॲटलाससारखा मोठा पतंग पोरंसोरंही ओळखतात. घोळ होतो तो नखाएवढ्या, फिकट पिवळ्या, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशांचा. एका साहेबांनी पुडी टेबलावर झटकली आणि म्हणाले, ‘दिव्यावरचे किडे हे, काय जपता?’ दुसरीकडे मोबाइलवर फोटो काढून चहा यायच्या आत पुडीतल्या तिन्ही पतंगांना एकच नाव मिळालं. तिसरीकडून पुड्या परत आल्या त्या पतंगांच्या मिशा मोडून. असो.

तुम्ही पुडी हातात घेतलीत आणि उघडण्याआधी उठून पंखा बंद केलात. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात खिडकीही लावून घेतलीत. घाम चष्म्याच्या काडीपर्यंत ओघळला, तो पुसायलासुद्धा तोंड बाजूला वळवलंत, पुडीवर श्वास पडू नये म्हणून. सर, मला तिथेच भरून आलं. पुढे काही निष्पन्न झालं नसतं तरी माझी तक्रार नव्हती.

पण झालं. एकाच्या सोंडेच्या मुळाशी खवले आणि कान पोटाच्या मुळाशी, म्हणजे तो क्रॅम्बिडी कुळातला. उरलेल्या दोघांचे कान छातीच्या मागच्या भागावर. ते लिथोसिनी गटातले, अळ्या दगडफुलावर जगणारे. वटवाघळाची चाहूल घेणारा हा कान कुठे बसलाय यावरूनही घराणं कळतं, हे आधीच्या एकालाही सांगावंसं वाटलं नव्हतं! त्या दोघांपाशी मात्र तुम्ही थांबलात. पोटाचा भाग कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून आतले जननावयव पाहिल्याशिवाय जातीचं नाव देणार नाही म्हणालात. त्यासाठी पतंग मोडावा लागेल, चालेल का, असं मलाच विचारलंत. चिठ्ठीवर गाव आणि तारीख लिहून नावाची जागा कोरी सोडलीत.

विद्वान माणसांना गोव्यात तोटा नाही, व्यासपीठावर दर रविवारी भेटतात. पण समोरच्याची क्षुल्लक वस्तूही दोन्ही हातांनी घेणारी माणसं शोधावी लागतात. अशांच्या दारात गेलं की आपल्याला अडाणी वाटत नाही, आणखी चार प्रश्न सुचतात.

तर, पतंग खुशाल मोडा. पुढच्या खेपेला आणखी पुड्या आणते, आणि घरची कोकमाची सोलांही. पुड्यांना नाही म्हणालात तरी चालेल, सोलांना म्हणायचं नाही.

आपली कृतज्ञ,
सत्तरीची पतंगवाली