त्या थपडेबद्दल

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हं हं करत राहिलो, त्याचीच लाज वाटतेय म्हणून लिहितोय. तू म्हणालास, रात्री अकराला बायकोचं ऑफिसातल्या पोराशी चॅटिंग चाललं होतं, हात उठला, कुणाचाही उठला असता. हात आपोआप उठत नाही रे. तू उचललास.

आपल्या गल्लीतले तात्या आठवतात? बाजारपेठेत त्यांचं दुसरं बिऱ्हाड होतं, देवळात हार घातलेला, अख्ख्या गावाला माहिती. काकू रोज दोघांचा डबा भरून द्यायच्या. आणि त्याच काकू गिरणीवाल्याशी हसून बोलल्या म्हणून तात्यांनी त्यांना ओट्यावर मारलं, मी दळण घेऊन येत होतो, सातवीत असेन. बांगड्या फुटून मनगटातून रक्त येत होतं आणि काकू खाली बसून सांडलेलं पीठ सुपात भरत होत्या. आई म्हणाली, चल घरी, त्यांच्या घरातलं आहे.

बायको असताना दुसरं लग्न करायला आपल्याकडे हिंदूंना १९४६ पासूनच कायद्याने बंदी आहे. पण १९६५ मध्ये आपल्या राज्यातल्याच भाऊराव लोखंडेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की होम आणि सप्तपदी झाली नाही तर ते लग्नच धरता येत नाही, आणि माणूस सुटला. म्हणजे तात्यांना नुसता हार पुरला. व्यभिचाराचं ४९७ कलम तर २०१८ पर्यंत होतं, त्यात बाईच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही, आणि नवरा बाहेर गेला तर बायकोला तक्रारच करता येत नव्हती. बायको म्हणजे नवऱ्याची वस्तू, दुसरं काय!

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारलं होतं, न सांगता बाहेर गेली, उलट बोलली, संशय आला, तर बायकोला मारणं बरोबर का. एका तरी कारणाला हो म्हणणारे पुरुष ४४ टक्के आणि बायका ४५ टक्के. माझी आई त्यातलीच असती.

आणि तुझं इंदूरचं ट्रेनिंग? वहिनीने विचारलं तेव्हा मीच खोटं बोललो होतो, हो वहिनी, एकाच रूमवर होतो. तिला ते कळलं असतं तर ती रडली असती, भांडली असती, पण तुझ्या कानाखाली मारायचा हक्क आपल्याला आहे असं तिच्या मनातसुद्धा आलं नसतं. समज तिचं खरंच त्या पोरावर प्रेम असेल, तरी बोल, भांड, नाहीच जमलं तर वेगळा हो. मारायचं नाही. विषय संपला.

कालच वहिनीला फोन केला. इंदूरचं खोटं कबूल केलं, माफी मागितली, आणि महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर दिला, हे तुला माझ्याकडूनच कळावं. ती माहेरी आहे तोवर तिच्या भावाकरवी निरोप पाठवू नकोस, सासूबाईंना मध्ये घालू नकोस, तिला वाटेल तेव्हा ती बोलेल. रविवारी सकाळच्या एसटीने मी येतोय. घरीच थांब.

तुझाच