तपकीर गल्लीतल्या त्या दादांना
बाबांचा 2011 सालचा डेस्कटॉप गेल्या आठवड्यात काळ्या पडद्यावर अडकून बसला. विंडोज 7 सुरूच होईना. घराजवळच्या दुकानात एकच उत्तर: फॉरमॅट मारा, नाहीतर नवीन घ्या. आत बाबांनी भजनी मंडळासाठी टाइप केलेले सगळे अभंग. बॅकअप? नाव नको!

सीपीयू रिक्षात घालून पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, म्हणजे तपकीर गल्ली गाठली. एका छोट्या दुकानातल्या दादांनी आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी, मोफत सिस्टीम) चालू करून फाइली बाहेर काढल्या. मी लगेच म्हणालो, आता मारा फॉरमॅट. ते म्हणाले, "थांबा काका, हे जुन्या फॉन्टमधलं दिसतंय." आणि विंडोजच्या फोल्डरमधून तो फॉन्टही उचलला. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत, नव्हता. फॉन्ट गेला असता तर ‘विठ्ठल’च्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं नि चिन्हं उरली असती. मला हे सुचलंही नसतं.

मग मशीनला झेपेल असं लिनक्स मिंट टाकलं, त्यात तो फॉन्ट बसवला, एक फाइल उघडली आणि म्हणाले, "बाबांना फोन लावा, पहिली ओळ वाचून दाखवा."

पैसे घेतले फक्त इन्स्टॉलेशनचे. नाव विचारायचं राहूनच गेलं. दादा, मनापासून आभार. बाबा विचारतायत, एकादशीला भजनाला याल का?