रविवारची बैठक: छपराचा लाकडी पूल

मंडळी, या रविवारी सकाळी ठीक १० ला नौपाड्यात नेहमीच्याच हॉलवर जमायचंय. विषय स्वित्झर्लंडच्या लुसर्नमधला चॅपल ब्रिज. १४व्या शतकातला छपराचा लाकडी पूल, १८ ऑगस्ट १९९३ ला आग लागली, छपराखालची १७व्या शतकातली तिकोनी चित्रं बरीचशी जळाली आणि तरी पुढच्या एप्रिलमध्ये पूल परत चालू! छप्पर शोभेचं नाही बरं का, खालच्या तुळया पावसाने कुजू नयेत म्हणून आहे, कौलं बदलणं सोपं, तुळई बदलणं महाकठीण. आपल्या जुन्या वाड्यांत तरी काय, कौल सरकलं की वाशाचं भिंतीतलं टोक आधी जातं, बोटाने दाबलं की भुसा.

- येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव लिहा. नुसता अंगठा नको, मागच्या वेळी अंगठे ३० आणि माणसं ११!
- घरच्या वाड्याचे जुने फोटो असतील तर मोबाइलवर काढून आणा, मूळ प्रत आणू नका, हरवली तर जबाबदारी कोणाची?
- पार्किंग नाही, स्टेशनवरून चालत या.
- चहा आहे, नाश्ता करून या.

प्रोजेक्टरची लांब वायर ज्यांच्याकडे राहिलीय त्यांनी प्लीज ती घेऊन या.