माहितीपत्रकात मावलो, कॉकपिटमध्ये नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक साहाय्य विभाग

विषय : दोन आसनी किट विमानात डोक्याला आणि गुडघ्यांना जागा नसल्याबद्दल तक्रार

महोदय,

मागच्या फोनवर माझं आडनाव ऐकून तुम्ही ‘अहो, मग मराठीतच बोला की’ म्हणालात. तुम्ही नाशिकचे, मी साताऱ्याचा, अर्धा तास मजेत गेला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. इंग्रजीत तीन ईमेल पाठवून झालेत, म्हणून आता हे मराठीत.

माझी उंची 6 फूट 3 इंच. किट, म्हणजे घरी जोडायचे विमानाचे सुटे भाग, घेताना ती मी लपवली नव्हती. तुमच्या माहितीपत्रकात ‘6 फूट 4 इंचांपर्यंतचा वैमानिक आरामात बसतो’ असं छापलंय. तरीही मी आधी लिहून विचारलं होतं, की माझे पाय बेताचेच आहेत, उंची सगळी धडात आहे. बसल्यावर बुडापासून टाळूपर्यंत 39 इंच भरतात. उत्तर आलं, काही अडचण येणार नाही. 2022 च्या जुलैत ऑशकॉशच्या विमान मेळाव्यात तुमच्या नमुन्याच्या विमानात बसूनही पाहिलं. मागे रांग होती, दोन मिनिटांत उतरलो. त्या विमानात गादीऐवजी बोटभर जाडीची चटई होती आणि माझ्या डोक्यावर हेडसेट नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. ती चूक माझी. पण चटई तुम्ही घातली होती.

त्यानंतर तीन वर्षं शनिवार-रविवार हँगरमध्ये गेले. नियमाप्रमाणे अर्ध्याहून जास्त बांधणी स्वतःच करायची असते, त्याबद्दल तक्रार नाही. तुमचे पत्रे, भोकं, नकाशे सगळं चोख, हेही कबूल करतो. गेल्या महिन्यात कॅनॉपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची, चौकट क्लेको (काढता येणाऱ्या पिना) लावून तात्पुरती बसवली, किटसोबत आलेली गादी टाकली, हेडसेट चढवला आणि आत बसलो. बायकोने कॅनॉपी पुढे ओढली. टक्.

पुढच्या रविवारी तिने डब्यातून लिंबाएवढा कणकेचा गोळा आणला, हेडसेटच्या पट्टीवर ठेवला आणि मला मान खाली घालून बसायला सांगून कॅनॉपी पुन्हा बंद केली. चपटलेला गोळा व्हर्नियरने मोजला : 4 मिलिमीटर. तेही पोक काढून बसल्यावर. टेक्ससमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी हवा कशी उसळते ते तुम्हाला मी सांगायला नको. पहिल्याच धक्क्याला डोकं ॲक्रिलिकवर आपटेल.

गुडघ्यांचं म्हणाल तर साताऱ्याच्या एसटीत गुडघे आडवे घालून वाढलेला माणूस मी, थोडं सोसलं असतं. पण पेडल शेवटच्या खाचेत नेऊनही गुडघे इतके वर येतात, की विमान वळवायची स्टिक (दांडा) पूर्ण डावीकडे जातच नाही, मांडीला अडते. ही गैरसोय नव्हे. आडव्या वाऱ्यात उतरताना नेमकं तेवढंच वळण लागलं तर काय करायचं?

सगळ्यात काळजीची गोष्ट खांद्याच्या पट्ट्यांची आहे. त्या मागच्या बल्कहेडला (आडव्या भिंतीला) जिथे अडकवल्यात, ती जागा माझ्या खांद्याच्या बरीच खाली येते. पट्टी खांद्यावरून मागे 11 अंशांनी उतरते. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्राधिकरणाच्या) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हा उतार 5 अंशांपेक्षा जास्त असू नये, कारण विमान आदळलं तर अशी पट्टी माणसाला धरून ठेवतानाच खांदे खाली दाबते आणि तो दाब मणक्यावर येतो. हे मी दुसऱ्या ईमेलमध्ये फोटोसकट लिहिलं होतं. त्यावर एक अक्षर आलं नाही.

आलं ते असं : गादी काढून टाका, कानात घालायचा हेडसेट घ्या, आसनाची पाठ एक खाच मागे घ्या. गादी काढून दोन तास पत्र्यावर बसता येईल का, हा प्रश्न सोडा. जोरात टेकल्यावर धक्का गिळणारी तीच एक वस्तू आहे. पाठ मागे घेतली की डोकं कॅनॉपीच्या उतरत्या भागाखाली जातं, म्हणजे जागा आणखी कमी. शिवाय गुरुत्वमध्य मागे सरकतो, तो हिशेब वेगळाच.

मूळ घोळ उंचीच्या आकड्यात आहे. उभ्या उंचीवरून कॉकपिटमध्ये कोण मावेल हे कळत नाही. माझा धाकटा भाऊ माझ्याएवढाच उंच, पण सगळे पायच. त्याच्या डोक्यावर तीन बोटं जागा राहते, मात्र गुडघे पॅनेलच्या कडेला घासतात. मोठ्या प्रवासी विमानांचं कॉकपिट 5 फूट 2 इंच ते 6 फूट 3 इंच उंचीच्या वैमानिकांना चालवता आलं पाहिजे, असा अमेरिकी नियम आहे. घरी बांधायच्या विमानांना तो लागू नाही. म्हणजे ग्राहकाच्या हाती राहतं ते तुमचं माहितीपत्रक, आणि त्यात तुम्ही एक गोल आकडा छापून मोकळे.

मला पैसे परत नकोत. भोकं पाडलेला सांगाडा तुम्ही घेणार नाही आणि मीही देणार नाही. आसनाचा तळ दीड इंच खाली घेता येईल असा, तुमच्या अभियंत्याने ताकद तपासलेला नकाशा द्या. पट्ट्यांची जागा वर नेण्यासाठी जोडभाग द्या. एवढ्याने भागत नसेल तर जास्त फुगीर कॅनॉपी हवी, आणि तिचा खर्च तुमचा. माहितीपत्रकात बसल्या उंचीचं माप छापा, गादी आणि हेडसेट धरून.

सध्याची कॅनॉपी मी अजून कापलेली नाही, वरचा संरक्षक कागदसुद्धा तसाच आहे, म्हणजे ती बदलून देता येईल. ॲक्रिलिक थंडीत कापलं तर तडकतं, उबदार दिवस बघूनच काम करा, असं तुमच्याच पुस्तिकेत लिहिलंय. आमच्याकडे असे दिवस ऑक्टोबरअखेरपर्यंत मिळतील. त्याआधी उत्तर द्या, फोनवर नको, लेखी.

आपला,
ह्यूस्टनजवळच्या हँगरमधला ग्राहक

सोबत : पट्ट्यांच्या कोनाचे फोटो, तुमच्या जुन्या उत्तराची प्रत आणि कणकेच्या गोळ्याचा फोटो (हसू नका, माप बरोबर आहे)