रद्द झालेला सल्ला परत कोण मागवणार?

महोदय,

करोनाकाळात तज्ज्ञांनी रोज शब्द फिरवले, त्यांचे ऐकण्यात अर्थच नव्हता, असा सूर हल्ली पुन्हा कानावर येतो. गंगाखेडात माझे मेडिकल आहे. ती दोन वर्षे मी काउंटरच्या आतून पाहिली, म्हणून लिहितो. शब्द फिरवला याची माझी तक्रार नाही. कशाच्या जोरावर फिरवला आणि ते आमच्यापर्यंत कधी पोहोचले, एवढे बघावे.

डेक्सामेथासोन ही स्टिरॉइडची जुनी, अगदी स्वस्त गोळी. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू तिने सुमारे एक तृतीयांशाने, तर ऑक्सिजनवरच्यांतले एक पंचमांशाने घटतात, हे ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत जून २०२० मध्ये दिसले. ऑक्सिजन लागत नसेल तर फायदा नाही, हेही त्याच निष्कर्षात होते. आमच्याकडे त्यातले अर्धेच आले. २०२१ च्या एप्रिलात जवळच्या खेड्यातले एक काका मोबाइलवर दुसऱ्याच कुणाच्या तरी चिठ्ठीचा फोटो घेऊन आले. आयव्हरमेक्टिन, डॉक्सी, झिंक आणि तळाशी डेक्सा. वरचे नाव कापलेले. "मालक, ह्याच्यातलं सगळं द्या, घरात चौघांना ताप हाय." काकांना स्वतःला शुगर. डेक्सा देत नाही म्हटल्यावर चिडून निघून गेले. त्याच उन्हाळ्यात राज्यभर म्युकरमायकोसिस (काळ्या बुरशीचा आजार) बोकाळला, त्यामागे वाढलेली साखर आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर होता.

करोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा रुग्णांना देत, त्याचे जरा वेगळे. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. ना आजार बळावणे थांबले, ना मृत्यू घटले. ऑक्टोबर २०२० मध्ये हे छापूनही आले. काम चोख, यात शंका नाही. पण उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा निघायला मे २०२१ उजाडला! तोवर इथली पोरे रात्र रात्र जागून ‘प्लाझ्मा पाहिजे’चे मेसेज फिरवत होती, नांदेड-औरंगाबादला फोन लावत होती.

औषधाची बॅच खराब निघाली की नंबरासकट कागद येतो, माल वेगळा काढून परत पाठवावा लागतो. सल्ल्याचे तसे नसते. नवा येतो, जुना मोबाइलमध्ये फिरतच राहतो.

तेव्हा पुढच्या साथीत जिल्हा आरोग्य विभागाने मराठीत एक पान काढावे. त्यावर तारीख हवी, औषध कुणाला द्यायचे नाही हे ठळक हवे आणि आधीचा कोणता सल्ला रद्द झाला तेही हवे. रुग्णांवर तपासलेले आहे की अंदाज आहे, हे लिहावे. अंदाज असला तरी चालेल. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सुचवली, तेव्हा पुरावा तुटपुंजाच होता. तसे स्पष्ट सांगितले असते तर ज्याने त्याने ती गोळी घरात भरून ठेवली नसती आणि आमच्या संधिवाताच्या नेहमीच्या पेशंटना तिच्यासाठी हेलपाटे पडले नसते.

– एक औषधविक्रेता, गंगाखेड (जि. परभणी)