तरुण संघ केवळ नाताळापुरता नको

महोदय,

आमच्या नगर भागातील काही ख्रिस्ती मंडळ्यांत दृढीकरणाचा, म्हणजे आपली श्रद्धा स्वतः मंडळीपुढे कबूल करण्याचा, विधी झाला की पंधरा-सोळा वर्षांची मुले हळूहळू उपासनेला येईनाशी होतात, आणि तरुण संघाचे काम नाताळची गीते व क्रिकेटचे सामने यांपुरते उरते. (खेळांना माझा विरोध नाही, मीही खेळलो आहे.) निरपराधांना दुःख का, प्रार्थना अनुत्तरित का, हे त्यांचे प्रश्न उद्धटपणा समजून झटकले जातात, वास्तविक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेणारे कवी ना. वा. टिळक बायबलमधील नवा करार वाचीत, शंका विचारीतच श्रद्धेपर्यंत पोहोचले होते. प्रत्येक मुलामागे ऐकून घेणारा एक वडीलधारा असावा, आणि शास्त्रपाठाचे वाचन, भजनातील पेटी-तबला, आजाऱ्यांच्या भेटी ही कामे, चुका होतील हे गृहीत धरून, मुलांकडेच सोपवावीत.

— एक मंडळी-सभासद, अहिल्यानगर