रविवार, विटा आणि वीस तारीख

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तेव्हापासून विश्रांतीवर भरपूर लिहिले-बोलले जात आहे. प्राणायाम झाला, झोप झाली, महाबळेश्वरही झाले. त्यात एका ख्रिस्ती बाईचेही म्हणणे ऐकून घ्यावे.

मी अहिल्यानगरला जीएसटीची विवरणपत्रे भरून देते. आमचा महिना विवरणपत्रांच्या 11 आणि 20 या दोन शेवटच्या तारखांना टांगलेला. 20 तारीख सोमवारी आली की आदल्या रविवारी सगळ्या पार्ट्यांना, म्हणजे आमच्या व्यापारी ग्राहकांना, एकदम जाग येते. खरेदीची बिले व्हॉट्सॲपवर येऊन आदळतात, पुरवठादाराने बिल दाखवलेले नसते म्हणून इनपुट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकते, पोर्टल गोल गोल फिरत राहते आणि ज्यांच्या फोनवर ओटीपी जायचा ते लग्नाच्या पंगतीत बसलेले असतात. उशीर झाला तर लेट फी दिवसाला 50 रुपये. पण फोनवरचा सूर ऐकाल तर घराला आग लागली असे वाटावे.

त्या रविवारीही मी सकाळी उपासनेला जाते आणि दिवसभर माझा फोन बंद असतो. ‘मॅडम, एखाद्या रविवारी देव समजून घेईल की!’ असे एक व्यापारी म्हणाले. देव घेईलच हो. प्रश्न फारोचा आहे.

बायबलमधल्या ‘निर्गम’ पुस्तकात इस्राएली लोक मिसर (इजिप्त) देशात गुलाम म्हणून विटा पाडतात. देवाच्या उपासनेसाठी ते थोडे दिवस मोकळीक मागतात, तर तिथला राजा फारो हुकूम काढतो: यापुढे विटांसाठी भुसा मिळणार नाही, तो तुम्हीच गोळा करा, पण विटा तितक्याच हव्यात. वर ऐकवतो की तुम्ही आळशी आहात. टार्गेटवर काम करणाऱ्या कुणालाही ही भाषा ओळखीची वाटेल. पुढे त्यांचा पुढारी मोशे याच्यामार्फत शब्बाथाची, म्हणजे आठवड्यातून एक दिवस काम थांबवण्याची, आज्ञा आली. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात ती पुन्हा सांगताना देव कारण देतो, की तुम्हीही मिसरात गुलाम होता हे विसरू नका.

अर्थात फोन बंद केला की मनही बंद होते असे नाही. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे भजन तोंडाने चालू असते आणि डोक्यात पोर्टल. माझ्यापुरता खरा फरक पडतो तो पापांगीकाराच्या, म्हणजे आपली पापे देवापुढे कबूल करण्याच्या, प्रार्थनेत. आठवडाभर मी दुसऱ्यांचे हिशेब जुळवते, न जुळलेला एखादा आकडा मला रात्री झोपेतून उठवतो. इथे माझा हिशेब मला जुळवून आणायचा नसतो. येशूने तो वधस्तंभावर चुकता केला आहे, असा माझा विश्वास आहे. आपण पुऱ्या पडतोय ना, या धाकाचाही एक थकवा असतो आणि तो आठ तास झोपूनही अंगातून जात नाही. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो’ ही येशूची हाक ऐकताना तो उतरतो. दर रविवारी असे होतेच, असा दावा नाही. कधी प्रवचन लांबते, मागच्या बाकावर मूल रडते आणि मी चक्क पेंगते. (तीही विश्रांतीच, असे आमचे यजमान म्हणतात.)

रविवारची सुटी साहेबाने आणि मिशनऱ्यांनी दिली, असे मला सुनावणारेही भेटतात. मुंबईतल्या गिरणी कामगारांना ती मिळाली 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. लोखंडे सत्यशोधक, आणि रविवार हा खंडोबाचा वार म्हणून तो सुटीचा असावा, असेही त्यांचे म्हणणे होते. खंडोबाच्या नावाने मिळवलेल्या त्या दिवशी मी चर्चला जाते, याबद्दल मला लोखंड्यांचे ऋणच वाटते.

आता सांगितले जाते की जादा काम कामगाराची लेखी संमती घेऊनच होईल. मालक समोर बसलेला असताना सही कोण नाकारणार? ‘अनुवाद’मधली आज्ञा मालकालाच उद्देशून आहे आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांची तिथे यादीच दिली आहे: दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका. माझ्याकडे कामाला असलेली मुलगी ख्रिस्ती नाही. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने ती शेवगावला घरी जाते आणि रविवारी तिला ऑफिसचा एकही मेसेज जात नाही. एक-दोन पार्ट्यांनी एवढ्यावरून काम दुसरीकडे नेले. नेले तर नेले.

आपली,
एक करसल्लागार, सावेडी, अहिल्यानगर